डिपस्टिकवर वाढलेलं ऑइल

"मेस्त्री, या गाडीचं ऑइल कमी होत नाही, वाढतंय."

ड्रायव्हर मामा हे सहज बोलून गेले आणि मी हातातला स्कॅनर बाजूला ठेवला. तोवर तासभर मी सिलेंडरमध्ये डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरच्याच मागं होतो आणि सहाही इंजेक्टरची रीडिंग ठीक होती. मामांनी डिपस्टिक ओढून दाखवली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. थेंब बोटावर चोळला, वास घेतला. डिझेल.

कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीजवळ माझं गॅरेज आहे. इथल्या फाउंड्रीतलं कास्टिंग भरून बेंगळुरूला जाणारा हा बीएस-६ ट्रक. तीन महिन्यांत ॲव्हरेज ४.१ वरून ३.३ वर आलेलं. लोड घेऊन तवंदी घाटात गाडी ओढत नाही आणि मीटरवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा सारखा लागतो, अशी तक्रार होती. मालक आण्णा सकाळीच येऊन बसले होते आणि त्यांचं ठरलेलंही होतं. हायवेवर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, डीपीएफ कापून आतली जाळी काढायची, रिकामा डबा पुन्हा वेल्ड करायचा, मॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग, बदलून घ्यायचा, की कटकट संपली. "तुम्ही करताय, का तिकडं नेऊ?" एवढंच ते विचारत होते.

"आण्णा, आजचा दिवस द्या मला," म्हटलं.

मी काम शिकलो तेव्हा इंजिनचा आजार धुरावरून कळायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. सायलेन्सरसमोरची भिंत दर दिवाळीला रंगवावी लागायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला. मोठ्या गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर. आता भिंत स्वच्छ असते, आणि मला ते मनापासून आवडतं. पण धूर व्हायचा थांबला असं नाही. इंजिन बिघडलं की काजळी तयार होतेच, फक्त ती डीपीएफच्या जाळीत अडकते आणि आपल्याला दिसत नाही.

जाळी भरली की इंजिन स्वतःच आतली काजळी जाळून ती साफ करतं, याला रिजनरेशन म्हणतात. या इंजिनात त्यासाठी सिलेंडरमध्ये उशिरा, पिस्टन खाली जाताना, जास्तीचं डिझेल सोडलं जातं. ते पुढं एक्झॉस्टमध्ये जळतं आणि डीपीएफ ६०० अंशांच्या आसपास तापतो. यातलं थोडं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून रिंगमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. अधूनमधून होणाऱ्या रिजनरेशनमध्ये ते जाणवत नाही. स्कॅनरवर पाहिलं तर ही गाडी दीड-दोनशे किलोमीटरला एकदा रिजनरेशन करत होती. ॲव्हरेज कुठं जातंय ते कळलं, ऑइल का वाढतंय तेही कळलं. आता एवढी काजळी येते कुठून, हे शोधायचं राहिलं.

काजळी म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. इंजेक्टर चांगले, एअर फिल्टर चांगला. मग राहिली टर्बोनं दाबून इंजिनात पाठवलेली हवा. गाडी लोडसकट निपाणीच्या दिशेनं नेली, स्कॅनर मांडीवर. चढाला बूस्ट प्रेशर, म्हणजे या हवेचा दाब, पाहिजे त्यापेक्षा कमीच राहत होतं, पण बिघाडाचा कोड पडेल इतकं कमी नव्हतं. परत येऊन इनटेकमध्ये बाहेरून हवेचा दाब दिला आणि साबणाचं पाणी मारत गेलो. ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणाऱ्या होजच्या खालच्या बाजूला फेस उठला. बोटाच्या पेराएवढी चीर होती. आयडलला ती मिटलेली असायची, लोडवर टर्बोनं दाब दिला की उघडायची. मधे एकदा बाहेर बंपरचं काम झालं होतं, तेव्हा क्लॅम्प फिरवून बसवलेला. त्याचा स्क्रू होजला घासत होता. हात घालून चाचपलं तरी वरून काहीच कळत नव्हतं.

आण्णांना खाली वाकून फेस दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"मग जाळी काढली असती तर?"

रिजनरेशनचं डिझेल वाचलं असतं, हे खरं आहे आणि मी त्यांना ते तसंच सांगितलं. पण चीर तशीच राहिली असती, टर्बो जास्त फिरून फिरून लवकर गेला असता, घाटात गाडी रखडलीच असती, आणि ती सगळी काजळी कागलपासून बेंगळुरूपर्यंत लोकांच्या छातीत गेली असती. शिवाय ते बेकायदा आहे. हा धूर मी पंचवीस वर्षं नाकातोंडात घेतलाय, तो पुन्हा रस्त्यावर सोडायला माझा हात चालणार नाही, हेही बोललो. मग हिशोब मांडला. बेंगळुरूची एक खेप जाऊन-येऊन १२०० किलोमीटर धरली तर ॲव्हरेजच्या या फरकानं ७० लिटर डिझेल जास्त जातं. लिटरभर डिझेलमागं अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे खेपेला पावणेदोनशे किलोहून जास्त. आण्णांचं लक्ष ७० लिटरवर होतं. माझी काही हरकत नाही.

होज बदलली, क्लॅम्प सरळ बसवला. पातळ झालेलं ऑइल काढून कमी राखेचं नवीन भरलं, कारण ऑइलची राख जाळीत साठते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. संध्याकाळी उभ्या गाडीवर रिजनरेशन लावलं. त्याआधी मुलांना सांगून गाडी मागच्या उसाच्या पाचटापासून लांब घेतली. त्या वेळी सायलेन्सरमधून निघणारी हवा पाचट पेटवू शकते. पाऊण तास लागला. काजळीचा आकडा उतरत उतरत तळाला आला.

पुढच्या खेपेला ॲव्हरेज ३.९ पडलं, त्याच्या पुढच्या खेपेला ४.१. मामांचा हुबळीहून फोन आला, तवंदी एक गिअर वर चढली म्हणून. नंतर त्यांनी डिपस्टिकचा फोटो पाठवला. ऑइल दोन खुणांच्या मधे, मी भरलं होतं तिथंच होतं.