पळसदेवचं जोतं, नळदुर्गचा गारवा

पुण्याहून आत्याकडे हैदराबादला निघालो तेव्हा ठरलं होतं की सोलापूरला जेवायचं, बाकी कुठेही थांबायचं नाही. साडेपाचशे किलोमीटरचा पल्ला आणि मे २०२४ चं ऊन. पण भिगवण मागे पडलं आणि बाबांना चहाची तल्लफ आली.

पळसदेवच्या टपरीवर चहा गाळता गाळता मालक म्हणाला, "औंदा देऊळ उघडं पडलंय. आलाय तर बघून जावा की."

उजनी धरण झालं तेव्हा जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. गाव महामार्गालगत नव्याने वसलं, पळसनाथाचं देऊळ मात्र जागीच राहिलं. धरणाच्या ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे, म्हणजे तळाशी राखून ठेवायचं पाणी. पाणी त्याच्याही खाली उतरलं की इकडे म्हणतात, "उजनी मायनसमध्ये गेली." त्या मेमध्ये ती चांगलीच मायनसमध्ये होती.

भेगाळलेल्या गाळावरून चालत निघालो. पायाखाली शिंपले कुरकुरत होते. लांबून नुसतं शिखर दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की ते विटांचं आहे. इतकी वर्षं पाण्यात राहूनही उभं आहे! आजूबाजूला लढाईत पडलेल्यांचे वीरगळ आणि सती गेलेल्यांच्या सतीशिळा. एका वीरगळावरचा गाळ मी बोटाने पुसला, तेव्हा खाली घोडेस्वार निघाला.

मला मात्र सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती देवळापासून थोडी दूर असलेली दगडांची एक ओळ. तिथे साठीतले एक काका नातवाला घेऊन उभे होते. "हे आमचं जोतं," ते म्हणाले. "हितं चूल व्हती. आई हितनं हाक मारायची, ती पार देवळापत्तुर ऐकू यायची." गाव सोडलं तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे असतील. नातू जोत्यावरून उड्या मारत होता. त्याला ते रागावले नाहीत, फक्त तो एका कोपऱ्यात गेल्यावर म्हणाले, "तिथं नको, तिथं देव्हारा व्हता."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि मगच जोत्यावर पाय ठेवला. गाडीत बसल्यावरही ते बराच वेळ गप्प होते. उजनीच्या पाण्यावर सोलापूरची तहान भागते, ऊस उभा राहतो. हे मला शाळेपासून माहीत होतं. त्या पाण्याखाली कुणाचा देव्हारा आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सोलापूरला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन निघालो, तर नळदुर्गजवळ टायर बसला. पंक्चरवाल्या दादांनी ट्यूब पाण्यात बुडवून बघितली आणि सांगितलं, "तासभर लागेल. तोवर किल्ला बघा, उन्हात कशाला बसताय?"

नळदुर्ग आणि रणमंडळ हे दोन किल्ले बोरी नदीवरच्या दगडी बंधाऱ्याने जोडलेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये हा बंधारा बांधला आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल केला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, तेव्हा आत उभ्या माणसावर थेंब पडत नाही म्हणे. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही सांडवे कोरडे ठणठणीत होते. पण जिना उतरून आत गेलो आणि अंगावर गारवा आला. बाहेर दगड भाजत होता, आत भिंतीला गाल लावावासा वाटत होता. बहिणीने लावलाच.

तिथल्या फारसी शिलालेखाचा आशय सांगतात तो असा: हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे आंधळे होतील. चारशे वर्षांपूर्वी पाणी अडवताना कुणाला तरी आत एक खोली ठेवावीशी वाटली, खिडकीशी बसून ते पडताना बघता यावं म्हणून. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटतं. किल्ल्यातला उपळी बुरूज बघायचा राहिला. दादांचा फोन आला, टायर तयार होता.

आत्याकडे पोचायला मध्यरात्र झाली. ती ताट झाकून जागी होती.

ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्के भरल्याची बातमी आली. बाबांनी ती मोठ्याने वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. मी पंक्चरवाल्या दादांना फोन लावला, नर-मादी सुरू झाले का विचारायला.

"अजून नाही ताई," ते म्हणाले. "बोरी भरली की मीच कळवतो."