आमची वाटचाल: मापाआधी एक स्वयंपाक

कुपवाड एमआयडीसीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात २००९ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने किचन ट्रॉलीचं काम सुरू केलं. त्याआधी दहा वर्षं मी दुसऱ्याच्या कारखान्यात शीटमेटल आणि वेल्डिंग करत होतो. हातात काम होतं आणि सांगली-मिरजेत फ्लॅट उभे राहत होते. ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे असलेल्या घरांनाही आता सरकत्या ट्रॉल्या हव्या होत्या. आर्गन वेल्डिंगचा एक सेट, कटर, एक पॉलिशिंग मशीन आणि भावाची मोटारसायकल, एवढ्यावर आम्ही उभे राहिलो.

सुरुवातीची पाच वर्षं काम ठरलेलं असायचं. घरी जायचं, टेप लावायचा, ओट्याखालची रुंदी-खोली-उंची लिहून घ्यायची आणि आठ दिवसांत ट्रॉल्या बसवून यायच्या. एक साधी, एक कप-बशीची, एक ताटांची, एक वाट्या-पेल्यांची. सगळ्या घरांत तोच संच. कुणी तक्रार करत नव्हतं, म्हणून आम्हाला वाटायचं की काम चांगलं चाललंय. वेल्डिंग खरंच चांगलं होतं, त्याबद्दल मला आजही अभिमान आहे.

२०१४ साली मिरजेच्या एका घरात आम्ही पहिल्यांदा अख्खं मॉड्युलर किचन केलं. ग्रॅनाइटचा ओटा, वरची कपाटं, खालचे खण, सगळं आमचं. सहा महिन्यांनी एक चॅनल, म्हणजे खण ज्यावर सरकतो ती पट्टी, अडकतोय म्हणून फोन आला, तेव्हा मी सकाळीच गेलो. घरातल्या काकू भाकऱ्या करत होत्या. त्यांच्या पायाखाली देवघरातला लाकडी पाट होता.

"काकू, पाट कशाला घेतलाय?"

"उंच पडतंय हो थोडं. पण तुम्हाला काय सांगायचं, ओटा एवढा देखणा केलाय तुम्ही."

चॅनल दुरुस्त करता करता मी बघत राहिलो. काकू पाटावर चढून पीठ मळायच्या, उंडा परातीत थापायच्या, दोन्ही तळहातांवर भाकरी उचलून तव्यावर टाकायच्या, वरून पाण्याचा हात फिरवायच्या. मग पाण्यासाठी, पिठासाठी, टोपल्यासाठी खाली उतरायच्या आणि परत चढायच्या. दहा भाकऱ्या होईपर्यंत त्या सतरा वेळा उतरल्या. मी मोजलं. शेवटच्या दोन-तीन वेळा त्यांनी ओट्याची कड धरून गुडघा सांभाळत पाय खाली टाकला. घरी येऊन मी जेवलो नाही.

ओटा ३४ इंच उंच होता, कारण कॅटलॉगमध्ये ३४ इंच होतं. काकूंची उंची ४ फूट १० इंच. त्यांचा कोपर जमिनीपासून साधारण साडेछत्तीस इंचांवर येतो. चिरणं, निवडणं अशा हलक्या कामाला ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला तरी चालतो. मळायला आणि थापायला मात्र अंगाचा भार हातावर यावा लागतो, त्यासाठी तो आणखी खाली हवा. उंच ओट्यावर थापताना सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला दिसलं एवढंच की काकूंचे खांदे कानाकडे ओढले गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोत विटा, एक जाड फळी आणि पाऊण इंची प्लायचे बरेच तुकडे घालून गेलो. हॉलमध्ये विटांचे दोन खांब रचले, त्यावर प्लायचे तुकडे आणि वर फळी. काकूंना म्हटलं, "यावर रोजच्यासारखं पीठ मळा." त्यांना आधी संकोच वाटला, मग त्या मळायला लागल्या. आम्ही दोन्ही बाजूंचा एकेक तुकडा काढत गेलो. ३४, सव्वातेहतीस, साडेबत्तीस. साडेएकोणतीस इंचांवर काकूंचे खांदे आपोआप खाली आले, मळताना त्यांचं अंग एका लयीत पुढे-मागे व्हायला लागलं आणि त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "हां. माहेरी एवढाच होता."

आम्ही त्या ओट्याचा शेगडीकडचा साडेतीन फुटांचा भाग कापून खाली घेतला. शेगडी आणि तव्याची उंची धरली तर तिथला हात तसाही जास्त वर जात होता, त्यामुळे दोन्ही कामं एकदम झाली. सिंककडचा भाग ३४ इंचांवरच ठेवला, कारण सिंकचा तळ सात-आठ इंच खोल असतो आणि ओटा खाली घेतला तर भांडी घासताना कंबर वाकते. ग्रॅनाइटचा, मजुरीचा सगळा खर्च आम्ही सोसला. त्या महिन्यात भावाला आणि मला पगार घेता आला नाही.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये एक नियम आहे: मापाआधी एक स्वयंपाक बघायचा. पूर्ण. कुकर लावण्यापासून खरकटं काढून ओटा पुसेपर्यंत.

पहिले दोन-तीन स्वयंपाक मी स्वतः बघायला गेलो आणि लक्षात आलं की काही खरं नाही. पुरुष माणूस, तोही कंत्राटदार, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला की घरातली बाई नेटकं वागते. पसारा आवरून ठेवते, चहा ठेवते, "सगळं बरं आहे" म्हणते. मग हे काम माझ्या पत्नीने हातात घेतलं. ती तोवर आमचे हिशेब बघायची. ती जाते, लसूण सोलायला बसते, गप्पा मारते आणि वहीत खुणा करते: किती वेळा वाकली, किती वेळा मागे वळली, कोणता डबा काढायला दुसरे तीन डबे बाजूला केले. सुनेचं म्हणणं सासूसमोर वेगळं असतं आणि जिन्यात सोडायला आल्यावर वेगळं असतं, हेही तिच्यामुळे आम्हाला कळलं. आज आमच्या धंद्यात सगळ्यात मोलाची वस्तू कोणती म्हणाल तर तिच्या त्या वह्या.

या पद्धतीला डिझाइन थिंकिंग म्हणतात हे आम्हाला फार उशिरा समजलं. आधी माणूस नीट समजून घ्यायचा, मग त्याची अडचण नेमक्या शब्दांत मांडायची, मग उपाय सुचवायचे, स्वस्तातला नमुना करायचा आणि त्याच माणसाच्या हातात देऊन तपासायचा. यात मला सगळ्यात अवघड दुसरी पायरी वाटते. दहातली आठ घरं म्हणतात, "जागा कमी पडते." वही उघडली की दिसतं, रोज लागणारी वस्तू वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूच्या मागे आहे. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र हाताशी असतात आणि तुरीची डाळ खालच्या कोपऱ्यात. अशा घरात नवीन कपाट विकणं सोपं असतं. आम्ही आधी सामान तीन ठिकाणी मांडून देतो, रोजचं, महिन्याचं आणि सणाचं. त्यानंतर कपाट लागलंच तर करतो. यात आमची विक्री कमी होते, पण मला हेच बरोबर वाटतं.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कॅटलॉगमधलं स्वयंपाकघर आलं कुठून, याचाही शोध घेतला. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. रेल्वेच्या भोजनडब्यातलं चिंचोळं किचन त्यांच्या डोळ्यासमोर होतं. प्रत्येक कामाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजलेला. सुमारे दहा हजार घरांत ते बसलं आणि आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथेच मानतात. त्यांनी पिठाचे खण ओकच्या लाकडाचे केले होते, का तर त्यात पिठाला कीड लागत नाही. हे वाचून मी किती वेळ तसाच बसून होतो. एवढ्या बारकाईने कुणाच्या तरी पिठाचा विचार करणं, हेच आमचं काम आहे.

पण ते स्वयंपाकघर एकट्या बाईसाठी होतं. आमच्याकडे दिवाळीच्या आधी तिघी-चौघी एका वेळी ओट्याशी असतात, एक तळते, एक लाटते आणि मधून कुणीतरी पाणी प्यायला येतं. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यामधल्या येण्याजाण्याचा त्रिकोण ठरवला गेला, तो आजही बरेच डिझायनर वापरतात. पत्नीच्या वह्यांत फ्रिजकडे जाणाऱ्या खुणा कमी दिसतात आणि मिक्सर, पिण्याचं पाणी आणि मिसळणाचा डबा यांच्याकडे जाणाऱ्या खूप. म्हणून आम्ही पिण्याचं पाणी स्वयंपाकघराच्या दाराजवळ काढतो. पाहुणा किंवा मूल आत न घुसता पाणी घेतं. एवढ्या एका बदलाने भाजणाऱ्या बाईच्या पाठीमागची धक्काबुक्की थांबते.

खणांचंही तसंच. बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा ट्रे काटे-चमच्यांच्या मापाचा असतो. आमच्या घरात लाटणं, झारा, उलथणं, डाव, सांडशी, रवी. लाटणं त्या ट्रेत मावत नाही आणि झारा आडवा पडला की खण उघडत नाही. आम्ही शेगडीखालचा पहिला खण सगळ्यात लांब झाऱ्याच्या मापाने करतो. कप-बशीची ट्रॉली बंद केली, कारण बशी फक्त पाहुण्यांना निघते आणि रोज मोठे मग लागतात. मसाल्यांच्या बाटल्यांचं उभं अरुंद कपाट आम्ही स्वतःहून कुणाला सुचवत नाही. फोडणी करपत असताना कुणी बाटल्यांची झाकणं उघडत बसत नाही. मिसळणाचा डबाच योग्य आहे, त्याला फक्त उजव्या हाताशी, शेगडीपासून वीतभर लांब, वाफ लागणार नाही असा उथळ खण हवा.

सिलिंडरचं मात्र कुणी विचारलं नाही तरी आम्ही बोलतो. १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजन धरून ते ३० किलोच्या आसपास जातं. एका घरात रेग्युलेटर बंद करायला अख्खी ट्रॉली बाहेर काढावी लागत होती. आता रेग्युलेटरपर्यंत हात सरळ पोचलाच पाहिजे. आणि दाराला जाळी खाली ठेवतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तळाशी साचतो, नुसत्या वरच्या जाळीचा काही उपयोग नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं वर्कशॉप उंचावर असल्याने वाचलं, पण गावभागात, मारुती चौकात आम्ही केलेली कितीतरी स्वयंपाकघरं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही माणसं घेऊन गाळ काढायला गेलो. प्लायची कपाटं फुगून फाटली होती. चॅनलच्या छर्ऱ्यांमध्ये गाळ जाऊन ते दगडासारखे झाले होते. एका घरात आजी दारात बसून होत्या आणि त्यांच्या सुनेने आमच्याच ट्रॉल्या रस्त्यावर आणून ठेवल्या होत्या. मी काही बोलू शकलो नाही.

त्या दिवाळीनंतर पूरपट्ट्यातल्या घरांसाठी आम्ही वेगळं किचन करायला घेतलं. खालचे खण भिंतीत न ठोकता सुटे, सहसा न गंजणाऱ्या ३०४ ग्रेड स्टीलच्या सांगाड्यात, नटबोल्टवर. सगळे बोल्ट एकाच मापाचे, दहा नंबरच्या एका पान्याने सुटतील असे. कोणताही खण दोन माणसांना जिना चढवता येईल एवढ्याच वजनाचा. छर्ऱ्यांच्या चॅनलऐवजी नायलॉनच्या चाकांचे, नळाखाली धुता येणारे. पहिला नमुना आम्ही गाळ्यातच उघडून बघितला, तर पाऊण तासात निम्माच सुटला. बोल्ट मागच्या बाजूला होते, हात जात नव्हता. ते पुढे आणायला दोन महिने गेले.

२०२१च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं. गावभागातल्या एका ताईंचा संध्याकाळी फोन आला. त्या म्हणाल्या, "दादा, दोन्ही पोरांनी मिळून सगळं वर नेलं. पाना देवघराच्या फळीवर ठेवलाय, म्हणजे हरवायचा नाही." त्यांच्या तळमजल्यावर रात्री पाणी शिरलं. पंधरा दिवसांनी त्यांनी ते किचन स्वतःच परत जोडलं, आम्हाला बोलवावंही लागलं नाही.

आज आम्ही नऊ जण आहोत. महिन्याला तीन, फार तर चार किचन होतात. यापेक्षा जास्त घेतली तर स्वयंपाक बघायला वेळ उरत नाही, म्हणून घेत नाही. काही गिऱ्हाइकं "माप घ्या आणि दर सांगा" म्हणतात आणि दुसरीकडे जातात. त्याचं वाईट वाटतं, पण नियम मोडलेला नाही. विटा आणि प्लायचे तुकडे अजून टेम्पोत असतात.

सध्या मिरजेतल्या एका आजींचं काम हातात आहे. वय ८१. मुलाला सगळं उभ्याचं किचन हवंय, आजी आयुष्यभर जमिनीवर बसून विळीवर चिरत आल्या. आता त्यांना मांडी घालता येत नाही, आणि सुरीने चिरायला त्यांचा हात वळत नाही. दोन्ही हातांनी भाजी पात्याकडे न्यायची, हीच त्यांची सवय. खुर्चीच्या उंचीवर, मांडीवर आडवी येणारी, पायाने दाबून पक्की राहणारी विळी आम्ही करून बघतोय. पहिला नमुना नेला तेव्हा मेथीची जुडी अर्धी चिरून आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "हलतंय बाळ." पाया आता तीन इंचांनी रुंद केलाय, खाली रबर लावलंय. सोमवारी परत न्यायचं आहे, आणि मेथी आम्हीच घेऊन जाणार आहोत.