तुम्ही विचारलंत म्हणून : ऐंशी टक्के झाले की गन काढायचीच का?

पुण्याहून कोल्हापूरमार्गे कोकणात मी इलेक्ट्रिक गाडीने ये-जा करते, हे ओळखीच्या लोकांना ठाऊक असल्यामुळे नवी गाडी घेतलेली माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात. महामार्गावरच्या चार्जरला आपली गाडी लावलेली आहे, ऐंशी टक्के झाले आहेत आणि मागे दुसरी गाडी येऊन थांबली आहे. अशा वेळी आपण गन, म्हणजे गाडीत खोचलेले चार्जरच्या केबलचे टोक, काढायलाच हवी का? पैसे तर आपण भरलेले असतात. काही जण हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात : मी ताटकळत उभा आहे, समोरची गाडी ९३ टक्क्यांवर आहे आणि तिचा मालक आत जेवतो आहे, तर मी त्याला काय म्हणावे? दोघांनाही मी एकच सांगते. पुढचा मुक्काम किंवा पुढचा चार्जर निर्धास्तपणे गाठता येईल एवढा चार्ज झाला असेल आणि कोणी थांबलेले असेल, तर गाडी काढावी. तेवढा झाला नसेल तर खुशाल थांबावे, मात्र आणखी किती वेळ लागेल हे थांबलेल्या माणसाला आपण होऊन जाऊन सांगावे.

ऐंशीचा आकडा कोठून आला, हे आधी समजून घ्यायला हवे. डीसी फास्ट चार्जरवर, म्हणजे महामार्गावरच्या या वेगवान चार्जरवर, बॅटरी सुरुवातीला भराभर भरते. सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेजवळ येऊ लागला की गाडीतलीच बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम चार्जरकडे कमी कमी करंट मागू लागते. त्यामुळे चार्जर कितीही मोठा असला तरी शेवटचा टप्पा रेंगाळतोच. ४०.५ युनिटची बॅटरी असलेली नेक्सॉन ५० किलोवॉटच्या चार्जरवर १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर ५६ मिनिटांत जाते, असे कंपनी सांगते. उरलेले २० टक्के म्हणजे जेमतेम आठ युनिट वीज, पण तिला पुष्कळदा पाऊण तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात मी अर्धा तास थांबले असताना चार्जरच्या स्क्रीनवर ९४ टक्के आणि सहा किलोवॉट असे आकडे दिसत होते. मशीन तीस किलोवॉटचे होते आणि त्याची एकच गन चालू होती. शेजारी एक कुटुंब आपल्या गाडीत बसून होते. त्यांची बॅटरी ११ टक्क्यांवर आली होती आणि मागच्या सीटवर एक लहान मूल रडत होते. त्या अर्ध्या तासात आधीच्या गाडीला मिळालेली वीज या कुटुंबाच्या गाडीने दहा मिनिटांच्या आत घेतली असती. चार्जरवर वीज सगळ्यांना पुरते, अपुरा पडतो तो वेळ. आणि आपण शेवटच्या टक्क्यांसाठी थांबतो तेव्हा दुसऱ्याचा वेळ अगदी थोड्या विजेसाठी खर्च करत असतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. ‘गाडीच्या पुस्तकातच लिहिले आहे की अधूनमधून शंभर टक्के चार्ज करा,’ असे लोक सांगतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, बॅटरी असते. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहत असल्यामुळे नेमका किती चार्ज उरला आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो, आणि पूर्ण चार्ज केल्यावर तो पुन्हा जुळतो. सेलही एकमेकांच्या बरोबरीला येतात. पण हे काम घरच्या स्लो चार्जरवर, रात्रभरात, कोणाचीही वाट न अडवता करण्याचे आहे. त्यासाठी शनिवारी सकाळी महामार्गावरचा एकुलता एक फास्ट चार्जर अडवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

असे असले तरी ऐंशी टक्क्यांचा नियम डोळे झाकून लावणाऱ्यांशीही माझे जमत नाही. काही जण स्टेशनवर आल्याबरोबर दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावतात आणि ८१ दिसले की सुनवायला लागतात. समोरचा कोठे निघाला आहे हे त्यांना माहीत नसते. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना रस्ता साधारण साडेपाचशे मीटर वर जातो. दीड टनाची गाडी नुसती तेवढ्या उंचीवर नेण्यासाठीच सव्वादोन युनिट वीज लागते, म्हणजे तीस युनिटच्या बॅटरीतले सात-आठ टक्के, आणि रस्ता कापायला लागणारी वीज वेगळीच. तोच घाट उतरणाऱ्याला यातला काही भाग ब्रेकिंगमधून परत मिळतो. कणकवलीहून फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठायचे असेल, वाटेत भरवशाचा चार्जर नसेल, गाडी लहान बॅटरीची असेल आणि तिच्यात आईवडील बसलेले असतील, तर मी स्वतः नव्वदच्या पुढे जाते आणि त्यात मला संकोच वाटत नाही. मात्र मागे कोणी असेल तर त्याच्याजवळ जाऊन ‘मला घाट चढायचा आहे, आणखी वीस मिनिटे लागतील, चालेल ना?’ एवढे बोलते. हे सांगितल्यावर कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही. उलट एका काकांनी ‘सावकाश होऊ दे, आम्ही तोवर चहा घेतो’ असे सांगून माझ्या वडिलांनाही चहाला बोलावून नेले होते.

माणसांना थांबण्यापेक्षा काहीच न कळण्याचा त्रास जास्त होतो. पेट्रोल पंपावर गाड्या एकामागे एक उभ्या राहतात, त्यामुळे कोण आधी आले ते दिसते. चार्जरच्या जागी गाड्या आवारात मिळेल तेथे विखुरलेल्या असतात, कोणी झाडाखाली तर कोणी कुंपणाच्या कडेला, आणि गन मोकळी झाली की दोन दिशांनी दोन गाड्या सरकतात. बहुतेक भांडणे येथेच होतात. यावर उपाय आपल्या घरचाच आहे. दवाखान्यात शिरल्यावर आपण जसे ‘शेवटी कोण आहे?’ असे विचारतो, तसेच येथेही उतरल्याबरोबर सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारावे आणि आपला नंबर लक्षात ठेवावा. ज्याची गाडी चार्जिंगला लागली आहे त्याने आपला मोबाइल नंबर काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर ठेवावा. मी एका जाड कार्डावर ‘जेवायला आत आहे. गाडी काढायची असल्यास फोन करा’ असे लिहून ठेवले आहे आणि खाली किती वाजेपर्यंत थांबणार ती वेळ पेन्सिलीने लिहिते, म्हणजे दर वेळी खोडून बदलता येते. फोन वाजला तर ताट तसेच ठेवून बाहेर यायचे, हेही त्या कार्डाबरोबर येते. नंबर लिहून ठेवायचा आणि फोन मात्र सायलेंटवर, असे केले तर कार्ड ठेवण्याला अर्थ उरत नाही.

दुसऱ्याच्या गाडीतून गन काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. सीसीएस-२ ची, म्हणजे आपल्याकडच्या फास्ट चार्जरवर सर्रास असलेल्या प्रकारची, गन चार्जिंगच्या वेळी गाडीच्या सॉकेटमध्ये लॉक होते आणि अनेक गाड्यांत चार्जिंग संपल्यावरही गाडी अनलॉक केल्याशिवाय ती सुटत नाही. तरीही ती हिसके देऊन ओढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात लॉकची पिन तुटू शकते, आणि मग त्या बिचाऱ्याच्या गाडीला घरी पोहोचण्यापुरतेही चार्जिंग मिळत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते लाल बटणामुळे, आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. चार्जरच्या अंगावर एक मोठे लाल बटण असते, ते इमर्जन्सी स्टॉप. धूर, ठिणग्या, सोललेली केबल, शॉक अशा प्रसंगी मशीन तत्काळ बंद करण्यासाठी ते दिलेले आहे. पण ॲपवरून चार्जिंग थांबत नाही, नेटवर्क गेले आहे, निघायची घाई आहे, म्हणून लोक ते सरळ दाबतात आणि गाडी काढून निघून जातात. एकदा दाबलेले बटण आत अडकून राहते. त्यावर काढलेल्या बाणाच्या दिशेने फिरवल्याशिवाय ते बाहेर येत नाही. तोपर्यंत मशीन बंद, शेजारच्या गनवर लावलेली गाडीही बहुधा बंद, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला स्क्रीनवर फक्त बिघाडाचा संदेश. रात्री अकरा वाजता तेथे पोहोचलेला माणूस चार्जर बिघडला असे समजून उरलेल्या आठ टक्क्यांवर पुढच्या गावाकडे निघतो. म्हणून चार्जिंग ॲपवरूनच थांबवावे. ॲप दाद देत नसेल तर आधी गाडी अनलॉक करून पाहावी, अनेक गाड्यांत तेवढ्याने काम होते, आणि तेही न जमल्यास मशीनवर लिहिलेल्या हेल्पलाइनला फोन करावा. आणि आपण पोहोचलो तेव्हा मशीन बंद दिसले, तर ते बटण आत गेलेले आहे का हे पाहावे. केबल, गन, आजूबाजूचे पाणी, जळका वास यांपैकी कशाचीही शंका आली तर हात न लावता हेल्पलाइनलाच कळवावे. सगळे ठीक असेल तर हेल्पलाइनवर विचारून बटण बाणाच्या दिशेने फिरवावे. मशीन खरोखरच बिघडलेले निघाले तर ॲपवर तशी नोंद करावी आणि कोणती गन चालत नाही तेही लिहावे. त्या दोन ओळी वाचून कोणीतरी चाळीस किलोमीटर आधीच दुसरा चार्जर निवडू शकतो.

दोन गनच्या मशीनवर बहुतेक वेळा वीज वाटली जाते. साठ किलोवॉटच्या मशीनवर एकटी गाडी असेल तर तिला पूर्ण ताकद मिळते, दुसरी लागली की दोघींना तीस-तीस. ज्याची गाडी आधी लागलेली आहे त्याला अचानक आपला वेग का घटला हे कळत नाही, तेव्हा गन लावण्यापूर्वी त्याला एक शब्द सांगावा; आणि शेजारी दुसरे मशीन मोकळे असेल तर तेच घ्यावे. त्याचप्रमाणे आपली लहान गाडी पंचवीस-तीस किलोवॉटहून अधिक घेऊच शकत नसेल, तर तीसचे मशीन रिकामे असताना एकशेवीसचे अडवू नये. निघताना गन तिच्या खोबणीत ठेवावी. जड केबल जमिनीवर टाकून दिली की तिच्यावरून चाके जातात आणि पावसाळ्यात गनच्या तोंडात चिखल जातो.

रात्रीच्या वेळेबद्दल एक गोष्ट स्त्रिया मला एकांतात विचारतात, ती येथे उघडच लिहिते. अनेक स्टेशने हॉटेलच्या मागच्या बाजूला, अंधारात असतात. गाडीत एकटी बाई बसलेली असेल तर तिच्या काचेवर टकटक करून ‘किती टक्के झाले?’ असे विचारू नये. स्क्रीनवर आकडा दिसत असतोच. नाही दिसला तर हॉटेलच्या माणसाला बरोबर घेऊन, चार पावले दूर उभे राहून विचारावे. आपले चार्जिंग झाले आहे आणि आता तेथे ती एकटीच उरणार आहे असे दिसले, तर निदान वॉचमनला लक्ष ठेवायला सांगून निघावे.

चार्जरसमोर पेट्रोलची गाडी लावून गेलेल्या माणसावर चिडून उपयोग होत नाही. बऱ्याच ठिकाणी जमिनीवर फक्त हिरवा रंग फासलेला असतो आणि मराठीत एक अक्षरही लिहिलेले नसते. त्या चालकाला ती नुसती मोकळी जागा वाटते. वॉचमनकडून गाडीचा नंबर पुकारून घ्यावा आणि हॉटेलच्या मालकाला मराठी पाटी लावायची विनंती करावी. मी जेथे जेथे ही विनंती केली तेथे मालकांनी ती आनंदाने ऐकून घेतली, काहींनी पुढच्या खेपेपर्यंत पाटी लावलीही. चार्जर त्यांच्या जागेत असतो, आवार ते झाडतात, स्वच्छतागृह आपण त्यांचे वापरतो. तेव्हा तास-दीड तास बसून जाताना वेफर्सची पाकिटे तेथेच टाकून जाणे शोभत नाही.

राहिला प्रश्न समोरचा नाहीच म्हणाला तर काय, याचा. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत हे घडते. त्याने पैसे भरलेले आहेत, चार्जिंग चालू आहे, आणि ते थांबवायला लावणारा नियम माझ्या पाहण्यात नाही. चार्जिंग संपल्यावरही गाडी न हलवणाऱ्यांसाठी टेस्लाने डिसेंबर २०१६ मध्ये वेगळे शुल्क सुरू केले, पण तसले शुल्कसुद्धा चार्जिंग संपल्यानंतरच लागते. ९३ वर असून चार्जिंग चालू असलेल्याला ते लागू होत नाही. म्हणून अशा माणसाला एकदाच, नीट शब्दांत विचारावे, आपल्याला कोठे जायचे आहे ते सांगावे, आणि तरीही नकार आला तर वाद न वाढवता निघावे. निघता यावे यासाठी चार्जरवर पोहोचतानाच गाठीला काही उरलेले असायला हवे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर चार्जिंग स्टेशन असावे, असे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. प्रत्यक्षात हे अंतर सगळीकडे सारखे नाही आणि सणाच्या दिवशी पुढचे स्टेशनही भरलेले असू शकते. त्यामुळे कोल्हापूरला जाताना मी साताऱ्याच्या चार्जरवर पोहोचते ती कऱ्हाड गाठता येईल एवढा चार्ज हाताशी ठेवूनच, आणि नव्या गाडीमालकांनाही पहिल्या लांबच्या प्रवासाचे नियोजन याच हिशेबाने करायला सांगते.