बिट्टीच्या झाडाखाली

बिट्टीचं झाड विकत कुणी आणत नाही. ते कुंपणाला असतंच. नरसाळ्यासारखी पिवळी फुलं, बारमाही हिरवी पानं, पाण्याची कटकट नाही आणि जनावर तोंड लावत नाही. कुंपणाला आणखी काय हवं? खाली पडलेल्या फळाचा काळपट गर वाळून झडला की आतली टणक बिट्टी हाती येते आणि ओसरीवर खेळ मांडला जातो. जनावर तोंड का लावत नाही, हा प्रश्न त्या गडबडीत कुणालाच पडत नाही. बिट्टीच्या आतल्या बियांत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं, आणि दगडाने फोडून ‘आत काय आहे’ ते चाखून बघणारं एखादं पोर प्रत्येक गल्लीत असतंच.

कण्हेर तिचीच बहीण. गुंजेचा लालकाळा मणी दिसायला देखणा, पण चावला गेला तर घातक. सगळ्यांत फसवा मोगली एरंड, कारण त्याची बी चवीला बरी लागते. मुलं ती एकटी खात नाहीत, वाटून खातात. मग उलट्या-जुलाबाने चार-पाच जणांना एकदमच दवाखान्यात न्यावं लागतं. घरात रांगतं-चालतं मूल असेल तर बिट्टी आणि मोगली एरंड मुळासकट काढावेत. पूजेच्या फुलांसाठी कण्हेर ठेवायची तर मुलांच्या वाटेपासून दूर ठेवावी, आणि छाटलेल्या फांद्या शेकोटीत घालू नयेत, धूरही बाधतो. कुणी काही गिळलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नये. तोंडातलं उरलंसुरलं बोटाने काढावं आणि त्या झाडाची डहाळी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. डॉक्टरांना ‘कसलंतरी फळ’पेक्षा ती डहाळी जास्त सांगते.

बाग आपण उभ्याने बघतो, ही खरी गोची. एकदा गुडघ्यांवर बसून बघा. वाफ्याच्या कडेला हौसेने तिरक्या पुरलेल्या विटांचे कोपरे नेमके पडणाऱ्या मुलाच्या कपाळाशी येतात. विटा आडव्या बसवून जमिनीच्या पातळीत आणल्या की काम भागतं. टोमॅटोला दिलेल्या बांबूच्या काठीचं टोक मोठ्यांच्या कमरेला लागतं, पण खुरपताना वाकलेल्या माणसाच्या डोळ्याशी येतं. त्यावर जुना रबरी चेंडू खोचून टाकावा.

आजीआजोबांचा शत्रू वेगळा: शहाबादी फरशीवरचं शेवाळ. दहा लिटर पाण्यात शंभरेक ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून फरशीवर ओतावी, पंधरा मिनिटांनी काथ्याच्या ब्रशने घासावी आणि पाणी वाफ्यात जाऊ न देता धुऊन काढावं. त्यात संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं तर विषारी वायू सुटतो, म्हणून ती घाई नको. फरशी सतत ओली राहत असेल तर मात्र कितीही घासा, आठवड्यात पुन्हा निसरडी. आधी गळका नळ दुरुस्त करावा आणि पाण्याचा पाइप वाटेत न टाकता भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळावा.

कुंडीखालच्या बशीचंही तसंच. डेंग्यूचा डास अशा चमचाभर पाण्याच्या कडेला, बशीच्या भिंतीवर अंडी चिकटवतो. ती महिनोन् महिने कोरडी तग धरतात, म्हणून आठवड्यातून एकदा नुसतं पाणी ओतून देऊन चालत नाही. बशी घासावी लागते. कंटाळा असेल तर ती काठोकाठ वाळूने भरावी.

सापाला ‘पळवून लावणारी’ रोपं रोपवाटिकेत मिळतात, त्यावर पैसे घालवू नयेत. साप येतो तो उंदीर-बेडकांमागे, आणि राहतो विटांच्या ढिगात, नारळाच्या झावळ्यांत, फाट्यांखाली. लाकडं जमिनीपासून फूटभर उंच फळीवर रचावीत, भिंतीलगत दोन हात जागा मोकळी ठेवावी, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडावं. चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं काही करू नये. चावलेला हात-पाय हलू न देता 108 ला फोन.

औषधांबद्दल एकच: उरलेलं फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवणं हा गुन्हाच समजावा. आणि ‘सेंद्रिय आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. कडुनिंबाचं तेल पोटात गेल्याने तान्ह्या मुलांना झटके आलेले आहेत.

पाण्याच्या ड्रमवर झाकण आणि झाकणावर वजन म्हणून कुंडी ठेवायची आपली पद्धत. दोन वर्षांच्या मुलाला मात्र शेजारचं स्टूल ही पायरी आणि कुंडी म्हणजे ढकलायची वस्तू. तिथे झाकणाला कडीच हवी, आणि तीही बाहेरून हाताला कडक लागणारी.