ई२० चा बोर्ड आणि आमची पांढरी दोन एकरं

परवा पुण्यात पंपावर ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, बोर्ड बघितला, ते इथेनॉल आमच्या उसापासूनच होतं, आणि डोक्यात एकदम आली ती आमची कृष्णाकाठची खालच्या अंगाची दोन एकरं. तिथं आता ऊससुद्धा धड येत नाही. उन्हाळ्यात मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. क्षारपड झालंय रान. वाळवा, पलूस, मिरज, तिकडं शिरोळ, कुठंही विचारा, घरटी एक तरी असला तुकडा सापडेल. काळी भारी जमीन, वर्षानुवर्षं ऊसच, लाईट आली की मोटर चालू आणि सरी तुडुंब भरेस्तवर बंद करायची नाही, मग खालचं पाणी वर येतं, सोबत क्षार आणतं, पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार बसतात तिथंच.

हे इथेनॉलच्या आधीपासूनचं आहे, तेव्हा सगळं बिल पेट्रोलवर फाडण्यात अर्थ नाही. पण २०२२ ला सरकारनं २० टक्के मिश्रणाचं टार्गेट २०३० वरून २०२५-२६ वर ओढलं तेव्हा पारावर जो तो म्हणायला लागला, आता उसाला मरण नाही. मधे कधीतरी व्हायचा तो हरभरा पण गेला आमचा. लागण, मग त्याच बुडख्यांतनं फुटलेला खोडवा, त्यानंतर निडवा, परत लागण.

आता गंमत बघा. इथेनॉलमध्ये असतं काय, कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, म्हणजे उसानं हवेतून न पाण्यातून घेतलेलं. नत्र, स्फुरद, पालाश गाडीच्या टाकीत जातच नाही! उसानं उचललेला पालाश बराचसा मळीतून (साखर काढल्यावर उरतो तो घट्ट रस) डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे इथेनॉल काढून उरलेल्या सांडपाण्यात, उतरतो, तो बॉयलरला जाळला की राखेत राहतो, आणि त्या राखेचं १४.५ टक्के पालाशवालं खत बॅगेतून परत आपल्यालाच विकत मिळतं. आपलाच माल आपण विकत घ्यायचा, पण घ्यावा, वाया जाण्यापेक्षा बरं.

मातीतला सेंद्रिय कर्ब मात्र असा बॅगेत मिळत नाही. हेक्टरी ८-१० टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, निघतं आणि तोड झाली की आम्ही काडी लावतो. माती तपासली तर सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के, म्हणजे कमीच, आणि पीएच ८.७, म्हणजे माती विम्ल. आबांना म्हटलं यंदा पाचट ठेवू, वर युरिया, सुपर फॉस्फेट न जिवाणू टाकून कुजवू, तर म्हणाले, "पाणी सरकंल का सरीतनं?" मुद्दा बरोबर आहे त्यांचा. शेवटी एकाआड एक सरीत ठेवायचं ठरलं.

मक्याचं पण इथेनॉल होतंय आता. पीक चार महिन्यांत निघतं, रान मोकळं होतं हे चांगलं, पण वैरणीला ताटं बुडापासून जातात, मातीला उरतात नुसती मुळं.

त्या दोन एकरांना जमिनीखालून निचऱ्याचे भोकाचे पाईप टाकल्याशिवाय गत्यंतर नाही, खर्च मोठा आहे पण तो एक वेळ बघू, पाईपचं तोंड ओढ्याला काढायचं तर ते चुलत्यांच्या रानातनं न्यावं लागतंय आणि ते म्हणतात, तुमचं खारं पाणी माझ्या बांधावर नको. दिवाळीनंतर परत बसायचं ठरलंय.