आधी मोरभट, मग विल्सन

गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज मुंबईकराला दाखवावे लागत नाही. पण हे विल्सन कोण, असे विचारले तर ‘असेल कोणी गव्हर्नर’ असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. रेव्हरंड जॉन विल्सन हे स्कॉटलंडमधील लॉडर गावचे पाद्री होते. बिशपांची सत्ता न मानता वडीलमंडळींच्या सभांमार्फत कारभार चालवणारा प्रेस्बिटेरियन पंथ हा त्यांचा पंथ. १८२९ मध्ये ते मुंबईस आले, कोकणात हर्णे-बाणकोटकडे राहून मराठी शिकले आणि १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली. पुढे तिचेच कॉलेज झाले.

मला मात्र त्यांच्या शाळेपेक्षा लेखणीचे कुतूहल अधिक वाटते. मोरभट दांडेकर यांनी हिंदू धर्माच्या समर्थनार्थ ‘हिंदुधर्मस्थापना’ ही पुस्तिका लिहिली, तेव्हा विल्सन यांनी १८३२ मध्ये इंग्रजीत तिचे खंडन छापले. त्याची भाषा झोंबणारी होती, यात शंका नाही. परंतु स्वतःचे उत्तर सुरू करण्यापूर्वी त्यांनी मोरभटांच्या पुस्तिकेचे भाषांतर पुस्तकाच्या आरंभीच जोडले. वाचकाने आधी भटजींचे म्हणणे ऐकावे आणि मग पाद्रीबाबांचे. हा उदारपणा की आपल्या बाजूचा गाढा विश्वास, हे सांगणे अवघड आहे, आणि मला त्यात किंचित अहंकारही दिसतो. तरीही विरोधकाचे अर्धे वाक्य उचलून त्याच्यावर तुटून पडण्याच्या सवयीपेक्षा ही रीत कितीतरी बरी.

पारशी पंडितांशी वाद घालतानाही हेच झाले. त्यांच्या धर्मावर टीका करायची म्हणून विल्सन अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या अभ्यासात शिरले आणि १८४३ मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. वाद जिंकण्यासाठी हाती घेतलेली विद्या त्यांना वादाच्या पलीकडे ओढून नेत होती. गिरनारच्या अशोककालीन शिलालेखाची कापडावर उतरवलेली नक्कल त्यांनी ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे धाडली. त्या लेखाच्या वाचनातून अंतियोक या यवन म्हणजे ग्रीक राजाचे नाव पुढे आले, त्याचा काळ ठाऊक होता आणि अशोकाचा काळ ठरवायला भक्कम आधार मिळाला. धर्मप्रसाराच्या हिशेबात या शिळेचा काय उपयोग होता? पुढे १८५० च्या सुमारास, मूर्तिपूजेवर आयुष्यभर कोरडे ओढणारा हा पाद्री पश्चिम भारतातील बौद्ध, जैन आणि ब्राह्मणी लेण्यांवर विस्तृत टिपण लिहीत बसला होता.