घरचा राउटर, भाग ४: प्लॅन ५०० चा, हातात २१०

मागच्या भागात मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की थिन क्लायंटवर (ऑफिसात वापरतात तो छोटा पीसी) ओपीएनसेन्स, म्हणजे राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर, बसवलंय आणि सगळं मस्त चाललंय. तर मंडळी, मस्त वगैरे काही नव्हतं. नेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसवरून ५०० चा केला, पैसे भरले, आणि स्पीड टेस्ट लावली तर डाउनलोड २१०. आधी वाटलं संध्याकाळची गर्दी असेल, मग पहाटे साडेपाचला उठून टेस्ट लावली, तेव्हाही २१२. बायको म्हणाली, "कंपनीने दिलेला डबा काय वाईट होता रे?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

ज्यांनी आधीचे भाग वाचले नाहीत त्यांच्यासाठी सेटअप थोडक्यात: सेकंडहँड थिन क्लायंट, २ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा जुना एएमडी प्रोसेसर, त्यात इंटेलचं चार पोर्टचं गिगाबिट कार्ड. फायबरवाल्यांचा ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते ते यंत्र) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे तो नुसता डेटा पुढे ढकलतो आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन नेट जोडायची पद्धत) आपला डबाच, म्हणजे थिन क्लायंटच, डायल करतो. हे पीपीपीओई लक्षात ठेवा, पुढे तेच येणारे.

सुरुवातीलाच एक गाढवपणा केला. बेडरूमच्या पीसीवर टेस्ट केली तर ९४ च यायचे, मग अख्खा रविवार फायरवॉल रूल्स उलटेपालटे करण्यात गेला. ९४ आकडा दिसला की आधी केबल बघायची हे मला दहा वर्षांपासून माहितीये तरी! गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे एखादी जोडी तुटली की लिंक गुपचूप १०० वर येते आणि हेडर वगैरे जाऊन ९४ उरतात. दाराच्या फटीत केबल चेपली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. केबल बदलली आणि तिथेही २१० आले, म्हणजे मूळ दुखणं जागच्या जागी.

मग जरा शिस्तीत घेतलं. लॅपटॉप थेट ओएनटीला लावून त्यावरून पीपीपीओई डायल केलं, ५१० आले, म्हणजे लाइन चोख. आता डबा. इथे नवीन लोकांना एक सांगतो, आयपर्फचा (दोन मशीनमधला वेग मोजायचं टूल) सर्व्हर राउटरवरच चालवून मोजू नका, डब्याचा प्रोसेसर पॅकेट तयार करण्यातच दमतो आणि आकडा भलताच कमी येतो, मीही तेच करून घाबरलो होतो. एक मशीन लॅनवर, दुसरं तिसऱ्या पोर्टवर वेगळ्या सबनेटमध्ये (वेगळ्या छोट्या नेटवर्कमध्ये) ठेवलं आणि डब्यातून आरपार ट्रॅफिक नेला तर ९३५! म्हणजे कार्ड ठीक, फायरवॉल ठीक, प्रोसेसरलाही दम आहे. मग इंटरनेटकडूनच का अडतंय?

दोन गोष्टी डोळ्यासमोर होत्या आणि मला दिसत नव्हत्या. एक म्हणजे अपलोड ४८० येत होता, फक्त डाउनलोड मार खात होता. दुसरी, डॅशबोर्डवर सीपीयू ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणून मी निवांत की प्रोसेसर तर रिकामाच बसलाय. पण तो आकडा चार कोअरची सरासरी आहे ना! एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून कमांड द्यायची सोय) डब्यात जाऊन टॉप कमांडमध्ये प्रत्येक कोअर वेगळा बघितला तर एक कोअर १०० टक्के आणि बाकीचे तिघे बाकावर बसून शेंगा खातायत.

कारण असं: कार्डाला रिसीव्हच्या अनेक रांगा असतात, आलेल्या पॅकेटचा आयपी पत्ता आणि पोर्ट बघून ते वेगवेगळ्या रांगांत टाकतं आणि प्रत्येक रांग वेगळा कोअर उपसतो. पण पीपीपीओईत आयपी पॅकेट आणखी एका पाकिटात घातलेलं असतं, ते पाकीट माझं कार्ड उघडत नाही, मग सगळं शून्य नंबरच्या रांगेत, एकाच कोअरच्या गळ्यात. अपलोडला लॅनकडून साधी आयपी पॅकेट येतात, ती व्यवस्थित वाटली जातात. म्हणून तिथे ४८०.

उपाय सिस्टिम, सेटिंग्ज, ट्युनेबल्समध्ये. नेट.आयएसआर.डिस्पॅच ची किंमत डायरेक्ट असते ती डिफर्ड केली, मॅक्सथ्रेड्स उणे १ केलं, बाइंडथ्रेड्स १ केलं, म्हणजे आलेली पॅकेट त्याच कोअरवर न उरकता बाकीच्या कोअरनाही वाटली जावीत, आणि रीबूट. शिवाय पॉवरडी (प्रोसेसरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त करणारं) चालू केलं आणि घुसखोरी शोधणारं सुरिकाटा बंद केलं (घरी त्याचे लॉग मी कधीच वाचत नव्हतो, नुसतं शोभेला होतं). हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेटची काही कामं कार्डावर ढकलणं) आधीपासूनच बंद होतं. बरेच जण एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) बघ म्हणाले, बघितला, १४९२ बरोबर होता. तसंही माझ्या अनुभवात एमटीयू चुकला की काही साइट अर्धवट उघडून लटकतात, सगळंच असं एकसारखं हळू होत नाही.

तर आता आले २८५. बरं वाटलं, पण मग परत टेस्ट केली, २८५. परत, २८५. रात्री, सकाळी, कधीही २८५, ग्राफ पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखा सपाट. प्रोसेसर दमला की आकडा असा नसतो, तो हलत राहतो. ही रेघ कोणीतरी आखलीये! कोणी? मीच. जुन्या ३०० च्या प्लॅनवर व्हिडिओ कॉल अडखळू नयेत म्हणून ट्रॅफिक शेपरमध्ये डाउनलोडचा पाइप, म्हणजे वेगाची मर्यादा, ३०० च्या ९५ टक्क्यांवर बांधला होता, एफक्यू-कोडेल (पॅकेटची रांग तुंबू न देणारी पद्धत) लावून. प्लॅन बदलला, पाइप तसाच. पंधरा मिनिटं स्वतःला शिव्या घातल्या.

पाइप काढल्यावर ४३० ते ४५०, आणि तो एक कोअर अजूनही नव्वदीत असतो. पाइप परत ४०० ला बांधलाय, कारण मोठं डाउनलोड चालू असताना पिंग (समोरून उत्तर यायला लागणारा वेळ) १२ मिलिसेकंदांवर राहणं मला त्या वरच्या ४० पेक्षा जास्त प्यारं आहे. यावर भांडायचं असेल तर भांडा.

उरलेले १०० काढायचे तर सरळ रस्ता म्हणजे इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाला नवा मिनी पीसी, पण घरात सध्या तो विषय काढण्यासारखं वातावरण नाही. त्याआधी याच डब्यावर दुसऱ्या एसएसडीवरून ओपनडब्ल्यूआरटी (लिनक्सवर चालणारं राउटरचं सॉफ्टवेअर) बूट करून बघणारे, लिनक्सवर पीपीपीओईचं हेच ओझं कसं वाटलं जातं ते मोजायचंय. रविवारी ११ ते १ नेट बंद असेल असं घरी जाहीर केलं होतं, १२ पर्यंतचीच परवानगी मिळालीये.